खरखरीचा माग

खुनी कोण, हे फोनबाईंना काही केल्या कळेना. कादंबरीतला इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "त्या दिवशी जिन्यावर जो माणूस होता, तो दुसरा तिसरा कोणी नसून..." आणि नेमका इथे स्पीकर खर्रर्र, खट्, खर्रर्र. आवाज परत यायचा तेव्हा पोलिसांची गाडी निघून गेलेली आणि कोणीतरी मुळूमुळू रडत असायचं. मागे नेऊन पुन्हा लावावं, तर खरखर चार वाक्यं अलीकडेच यायची आणि जिना, माणूस, इन्स्पेक्टर, सगळ्यांना गिळून टाकायची. आता तुम्हीच सांगा, माणसाने किती सहन करायचं?

आणि त्यातून फोनबाईंनी! राग म्हणजे यांच्या नाकावर कायमचा मुक्कामाला. अडुसष्ट वर्षांच्या या बाईंनी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली, त्यातली वीस टेस्ट डेस्कवर. टेस्ट डेस्क म्हणजे बंद पडलेल्या फोनांच्या तक्रारी जिथे यायच्या ती जागा. कानाला हेडफोन लावायचा आणि बसल्या जागेवरून सांगायचं, की बिघाड खांबावर आहे, जमिनीखालच्या केबलमध्ये आहे, की घरातल्या डब्यात. लाइनमन आधी बाईंना विचारायचे आणि मग शिडी उचलायचे. नोकरी संपून दहा वर्षं झाली तरी इमारतीत नाव तेच राहिलं. नवरा गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावर हॉल, बेडरूम आणि स्वयंपाकघर एवढ्या राज्यात त्या एकट्या राहत होत्या आणि तिथे फक्त त्यांचं चालायचं. डोळ्यांना हल्ली बारीक अक्षर लागत नव्हतं, म्हणून कादंबऱ्या कानांनी वाचायच्या, इतकंच.

तर हे राज्य जायची वेळ आली होती, आणि तेही एका खरखरीपायी.

झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी फोनबाई बाथरूममध्ये घसरल्या. हाडबिड काही मोडलं नाही, पण तासभर उठता आलं नाही. मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. त्याला दुपारी कळलं तेव्हा तो धावत आला, पांढराफटक पडलेला. नंतर एका रविवारी तो मोठी पिशवी घेऊन आला. पिशवीतून दोन बिनतारी स्पीकर निघाले, एक बेडरूमसाठी, एक स्वयंपाकघरासाठी. "तुला करमेल, आई. कादंबरी इकडे लाव, तिकडे ऐक." आणि त्याच पिशवीतून एक छोटा पांढरा दिवा निघाला, थेट सॉकेटमध्ये बसणारा. "अंधारात उठलीस तर पायाखालचं दिसायला हवं ना." धाकट्या जावेनेही मान डोलावली. ही जाऊ खालच्याच मजल्यावर राहायची आणि मुलगा आला की वासावर आल्यासारखी वर यायची. फोनबाईंना त्या दिवशी भरून आलं होतं. पोराला किती काळजी, असं त्या दोनदा म्हणाल्या.

खरखर पहिल्या दिवसापासूनच होती. बेडरूममधला स्पीकर तर जेमतेम दोन वाक्यं बोलायचा आणि गुदमरायचा, जरा गप्प बसायचा, पुन्हा बोलायचा, पुन्हा गुदमरायचा. स्वयंपाकघरातला बिचारा बरा चालायचा. पण फोनबाई काही बोलल्या, कोणाचा फोन घेतला, नुसतं "अरे देवा" म्हणाल्या, की तोही बिघडायचा. हे त्यांच्या पक्कं लक्षात आलं. टेस्ट डेस्कवरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही तर कोणाच्या?

त्यांनी मुलाला सांगितलं, "मी बोलले की स्पीकर खरखरतो."

मुलगा पहिल्यांदा खो खो हसला. "रुसतो का गं तुझ्यावर?" दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो हसला नाही. तिसऱ्यांदा फोनवर नुसता गप्प राहिला, आणि ते गप्प राहणं फोनबाईंना बिलकूल आवडलं नाही.

बुधवारी त्याचा फोन आला. "आई, रविवारी गाडी घेऊन येतो. आठ दिवसांचे कपडे भर."

"कशाला?"

"आमच्याकडे राहायला. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीये."

"मला काय धाड भरलीये?"

"अगं, तुला नाही नाही ते आवाज ऐकू येतात. एकटीच मोठमोठ्याने बोलतेस, आकडे म्हणतेस, स्पीकरला दम देतेस."

"हे तुला कोणी सांगितलं?"

 "कोणी नाही. असंच. आणि घराची चिंता करू नकोस, कुलूप लावून ठेवू."

आठ दिवसांचे कपडे आणि घराला कुलूप! फोनबाई काही काल जन्मल्या नव्हत्या. एकदा का त्या गाडीत बसल्या, की डॉक्टर मान हलवणार, सून गोड बोलणार, नातवाची खोली रिकामी होणार आणि इथे सहा महिन्यांत कोणीतरी भाडेकरू पडदे लावणार. त्यांच्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला फोन त्यांनी दाणकन खाली ठेवला आणि भिंतीलाच बजावलं, "कान शाबूत आहेत माझे. खरखर आहे म्हणजे आहे. रविवारपर्यंत तिला पकडून या पोरासमोर उभी करते की नाही बघ."

स्वयंपाकघरातला स्पीकर तत्काळ खरखरला.

गुरुवारी वायफायवाला आला. चांगला चाळिशीचा गडी, कमरेला पट्टा, पट्ट्याला पिशवी. त्याने आधी हॉलमधला राउटर बंद करून चालू केला, कारण ही मंडळी दुसरं काही करायच्या आधी हेच करतात. मग स्पीकर मायक्रोवेव्हपासून लांब सरकवला. मग मोबाइलवर बोटं फिरवून चॅनेल बदललं. "झालं, मावशी. सिग्नल एकदम फुल्ल."

"थांब," फोनबाई म्हणाल्या आणि खणखणीत आवाजात त्यांनी एक जुना टेलिफोन नंबर म्हटला. एक्स्चेंजमधले शेकडो नंबर त्यांच्या जिभेवर होते. आवाज तपासायला आकड्यांसारखं दुसरं काही नाही, हे त्यांचं मत. स्पीकर खर्रर्र.

"योगायोग," वायफायवाला म्हणाला.

फोनबाईंनी दवाखान्याचा नंबर म्हटला. खर्रर्र. शाळेचा म्हटला. खर्रर्र. वायफायवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्याने स्वतः "हॅलो हॅलो" करून बघितलं. खर्रर्र! त्याने मोबाइलवर यादी काढली. "वायफायला दोन स्पीकर जोडलेत आणि तुमचा मोबाइल. चौथं कोणी नाही. पण मावशी, खरं सांगू? या यादीत जोडलेल्या वस्तूच दिसतात. वायफायला न जोडता त्याच हवेत दुसरं काही बोलत असेल, कॉर्डलेस फोन म्हणा, रिमोटवरचं खेळणं म्हणा, तर ते मला दिसत नाही. ते नुसता गोंगाट घालतं आणि स्पीकरचं बोलणं त्यात बुडतं."

"म्हणजे लाइनवर तिसराच कोणीतरी आहे."

"तसंच समजा."

"मग लिहून दे."

"काय लिहू?"

"खरखर तुझ्या कानांनी ऐकलीस, एवढंच. माझे कान मी बघून घेते."

त्याने तक्रारीच्या कागदावर तसं लिहिलं, खाली सही केली आणि जाताना दारात म्हणाला, "सापडलं तर मलाही कळवा हं. नाहीतर मला चैन पडायचं नाही." या एका वाक्यासाठी फोनबाईंनी त्याचे आधीचे सगळे योगायोग माफ केले.

लाइनवर तिसरा असेल तर त्याला शोधायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. लाइन मधोमध तोडायची. बिघाड या अर्ध्यात की त्या अर्ध्यात ते बघायचं. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. चार मैलांच्या केबलमध्ये बोटभर कुजलेली जागा त्यांनी अशीच शोधलेली होती, तर तीन खोल्यांचं घर ते काय!

शुक्रवारी सकाळी आंघोळ उरकून त्या कामाला लागल्या. हॉलमध्ये दारावर स्विचचा डबा होता, त्यात प्रत्येक खोलीचं वेगळं बटण. स्वयंपाकघरात कादंबरी लावून दिली, हॉलमध्ये उभ्या राहिल्या, बेडरूमचं बटण पाडलं आणि मोठ्याने वाण्याचा नंबर म्हटला. इन्स्पेक्टरचा आवाज स्वच्छ. पोस्टाचा नंबर म्हटला. स्वच्छ. बटण वर केलं, तोच नंबर म्हटला. खर्रर्र, खट्.

"हां! बेडरूममध्ये दडून बसलायस होय रे चोरा," फोनबाई म्हणाल्या.

बेडरूममध्ये सहा वस्तू विजेवर होत्या. स्पीकर, टेबललॅम्प, घड्याळ, मोबाइलचा चार्जर, पंखा आणि तो छोटा दिवा. आधी तीन काढल्या, नंबर म्हटला, खरखर तशीच. उरलेल्या तिनांतला चार्जर काढला, तशीच. पंखा बंद केला, तशीच. राहिला दिवा. दिव्यावर त्यांचा संशयच नव्हता. दिवा काय बोलणार? वाकायला त्रास होतो म्हणून त्या पलंगाच्या कडेला बसल्या, हात लांब करून दिवा सॉकेटमधून उपटला आणि अग्निशमन दलाचा नंबर म्हटला.

स्वच्छ. इन्स्पेक्टर आरामात जिना उतरत होता.

त्यांनी दिवा दहा वेळा लावला आणि दहा वेळा काढला. एकदासुद्धा चूक नाही. मग भिंग आणलं, खिडकीशी गेल्या आणि दिवा पालथा केला. खाली बारीक बारीक छिद्रं होती, ओळीने, फोनच्या बोलायच्या बाजूला असतात तशी. शेजारी कपाळावर बटा आलेल्या एका तान्ह्या बाळाचं चित्र. आणि चित्राखाली छापलेलं, की बाळ आवाज करताच हे यंत्र जागं होईल आणि बाळाचा प्रत्येक हुंकार दुसऱ्या खोलीत आईला ऐकवेल.

फोनबाई खिडकीशी उभ्याच राहिल्या. अडुसष्ट वर्षांचं बाळ! घर गप्प असताना हा गप्प, आणि त्यांनी तोंड उघडलं किंवा बेडरूममधला स्पीकर बोलला की हा जागा होऊन कोणाच्या तरी कानात ओतणार. म्हणून ती खरखर. म्हणून "आकडे म्हणतेस". पाच आठवडे! पाच आठवड्यांत आपण काय काय बोललो ते त्यांना आठवू लागलं. सुनेच्या स्वयंपाकाबद्दल बोललो होतो, मैत्रिणीपाशी, चांगलं पाऊण तास. एका दुपारी नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं काढून ठेवताना रडलो होतो, हुंदके देऊन. गाणी म्हटली होती, बेसूर. बाकीच्या आवाजांचं तर विचारूच नका. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आपल्याला लाज वाटावी याचाच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. लाज आपल्याला का म्हणून?

एक्स्चेंजमध्ये याला सरळ चोरून ऐकणं म्हणायचे. लाइन तपासायला मध्ये शिरावं लागलं, तर आधी आपण कोण ते सांगायचं, आवाज नीट येतोय का एवढं विचारायचं आणि बाहेर पडायचं. एका मुलीने कोणाचं तरी ठरत आलेलं लग्न शेवटपर्यंत ऐकलं होतं, मजा म्हणून. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली. तिची बाजू घ्यायला कोणी गेलं नव्हतं, फोनबाईसुद्धा नाही.

आता प्रश्न एवढाच होता, की दुसरं टोक कुठे आहे. मुलाचं घर फार लांब, असल्या खेळण्याचा आवाज तिथवर पोचणार नाही. केबलचं दुसरं टोक सापडत नसेल तर या टोकाला शिट्टी सोडायची आणि कुठे वाजते ते बघायचं, हीही टेस्ट डेस्कचीच रीत. शनिवारी दुपारी फोनबाईंनी दिवा परत लावला, पलंगावर टेकल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "गॅसचा वास का येतोय बरं? बघू नंतर. जरा डोळा लागतोय."

एका मिनिटात जिन्यावर चपला वाजल्या. दार धडधडलं. उघडलं तर धाकटी जाऊ, केस सुटलेले, हाताला पीठ, धापा टाकतेय.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही, सहजच आले, जाऊबाई. म्हटलं, गॅस... म्हणजे... काय करताय?"

"मस्त पडले होते. तू एवढी घामाघूम का?"

"व्यायाम! डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत." आणि हे म्हणता म्हणता तिने स्वयंपाकघरात जाऊन शेगडीची चारही बटणं चाचपली.

फोनबाईंच्या जिभेवर आलं होतं, अगदी टोकावर. पण त्यांनी ते गिळलं. एकेकाला नाही, दोघांना एकदम. "उद्या अकरा वाजता ये हो वर," त्या म्हणाल्या. "मुलगा येणार आहे."

रविवारी मुलगा आला तो रिकामी सूटकेस घेऊन. आईने कपडे भरले नसणार, हे त्याला बरोबर माहीत होतं. जाऊ आधीच येऊन सोफ्याच्या कडेला बसली होती. स्वयंपाकघरात कादंबरी चालू होती.

"आई, आवरलंस का?"

"आधी बस. कपड्यांचं नंतर बघू."

तो बसला. फोनबाई हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मुलाच्या शाळेचा जुना नंबर म्हटला. खर्रर्र, खट्.

"ऐकलंस? की हेही माझ्याच कानात वाजलं?"

"आलं ऐकू, पण आई..."

"हा त्या वायफायवाल्याचा कागद. त्यानेही ऐकलंय, सही करून दिलंय. आणि आता हे बघ." त्या बेडरूममध्ये गेल्या, दिवा उपटून आणला आणि दोघांच्या पुढ्यात टीपॉयवर ठेवला, बाळाचं चित्र वर करून. मग तोच नंबर पुन्हा म्हटला, चांगला ओरडून. स्वयंपाकघरातून कादंबरी वाचणाऱ्या बाईचा आवाज एकही अक्षर न गाळता येत राहिला.

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. जाऊ आपल्या पायांची बोटं मोजू लागली.

"स्पीकर तूच आणलेस आणि हेर पण तूच आणलास, एकाच पिशवीतून," फोनबाई म्हणाल्या. "एकाने दुसऱ्याची चुगली केली, म्हणून मला कळलं. नाहीतर मी आज गाडीत बसले असते, बाळ होऊन!"

"आई, ऐक तरी. तू तासभर पडून होतीस. तासभर! आणि मी ऑफिसात बसून वडा... काहीतरी खात होतो, हसत होतो. त्या दिवसापासून मला धड झोप नाही गं. काकू घरात असते दिवसभर, म्हणून तिच्याकडे ऐकायचं यंत्र दिलं. दुसरं काय करणार होतो?"

पोटचा पोर असा बोलला की आतून काहीतरी हलतंच. फोनबाईंचंही हललं, आणि त्यामुळे त्या आणखीच भडकल्या. "मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग ते उत्तर होतं, लेका! उत्तर आवडणार नाही म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, ही कुठली पद्धत?"

"पण जाऊबाई," धाकटी हळूच म्हणाली, "तुम्ही आकडे म्हणत होतात. तासन्‌तास. त्या स्पीकरला 'बोल, आता बोल' म्हणत होतात. आणि एकदा तर भिंतीशी भांडत होतात, घर्रर्र घर्रर्र करून. मी घाबरले ना."

"ते ड्रिल होतं!"

फोनबाईंनी मुलाचं कोपर धरलं आणि त्याला थेट बाथरूमच्या दारात नेऊन उभं केलं. भिंतीत स्टीलची जाड दांडी बसवलेली होती, पकडून उठायला. खाली रबरी चटई. दुसरी दांडी दाराशी. "तीन आठवड्यांपूर्वी हे सगळं मी बसवलंय. मी! स्टुलावर न चढता. पाच आठवडे कान लावून बसलात, पण एकदा डोकावून बघावं असं वाटलं का कोणाला? आणि आकडे का म्हणत होते? तर तुमच्या या दिव्याने खरखर होते म्हणून. तुमच्यामुळे खरखर, खरखरीमुळे माझे आकडे, आणि आकडे म्हणते म्हणून मला वेड लागलं. वा! काय न्याय आहे!"

मुलाने दांडी हाताने हलवून बघितली. ती जागची हलली नाही.

हॉलमध्ये परत आल्यावर फोनबाईंनी दिवा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "घे. तुझ्या बेडरूममध्ये लाव. तू आणि तुझी बायको. आठ दिवस मी ऐकते. मग सोमवारी डॉक्टरांकडे कोणाला न्यायचं ते ठरवू."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. त्याने हात पुढे केला नाही.

"बरं. तू घे गं, धाकटे. भाऊजींना न सांगता लाव."

"छे छे, काहीतरीच काय!"

"का? तुमच्याकडे असं काय बोलणं चालतं?"

"काही चालत नाही," धाकटी म्हणाली आणि एकदम तिचा चेहराच बदलला. "आमच्याकडे कोणी बोलतच नाही, जाऊबाई. हे पेपर वाचतात आणि जेवतात. तुम्ही त्या यंत्रातून बडबडायला लागलात की मला बरं वाटायचं. मी मुद्दाम आवाज मोठा करून भाजी चिरायची. तुम्ही रडलात त्या दिवशी मीपण रडले. पण वर कशी येणार? मला माहीत असायला नको होतं ना."

फोनबाईंनी दिवा टीपॉयवर ठेवला. "जिन्याला अठरा पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "काल एका मिनिटात चढलीस. येत जा. पण दार वाजवून. आणि ते खालचं टोक आणून दे मला, आजच्या आज."

मुलगा उभा राहिला होता. सूटकेस त्याच्या पायाशी होती. लहानपणी विचारायचा तसं त्याने विचारलं, "आणि पुन्हा पडलीस तर?"

"तर पडले असेन."

"आई!"

"अरे, खरंच सांगते. भीती मलाही वाटते. त्या दिवशी फरशीवर पडल्या पडल्या मी रडले, ते तुला कोणी ऐकवलं नाही, कारण तेव्हा हा दिवा नव्हता. पण तुझ्या घरात मऊ गादीवर, सगळ्यांच्या नजरेखाली, चमच्याचा आवाज झाला तरी कोणीतरी डोकावणार, असं दहा वर्षं जगण्यापेक्षा माझ्या बाथरूममध्ये पडून मरणं मला परवडेल. हे मी डोकं ठिकाणावर ठेवून बोलतेय. नीट ऐक, कारण हे मी तुला तोंडावर सांगतेय."

मुलाने ऐकलं. डोळे पुसले. मग त्याने सूटकेस उचलली. ती इतकी हलकी होती की त्याच्या हाताला हिसका बसला. दारात तो थांबला. "फोन तरी करू का रोज?"

"कर. त्याला घंटी असते. उचलायचा की नाही ते मी ठरवीन."

सोमवारी सकाळी अकराला फोन वाजला. फोनबाई शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. उचलला नाही. वाजून वाजून तो थांबला. खिडकीतून ऊन आत आलं होतं, घरात कुठे काही खुट्ट वाजत नव्हतं, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदाच ती शांतता त्यांची एकटीची होती. धावत कोणी येतंय का, म्हणून त्यांनी जिन्याकडे कान दिला. कोणी आलं नाही. पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला, आणि या वेळी त्यांनी तो उचलला.

"आई, मी बोलतोय," मुलगा म्हणाला. "आत्ता बोललं तर चालेल का तुला?"

फोनबाईंनी पाय वर घेतले आणि खुर्चीत नीट टेकून बसल्या.

"चालेल," त्या म्हणाल्या. "बोल."